बैलाचं पोतं

बैल पाडलेला, चारी पाय बांधलेले, आणि हातोडी धरलेला माझा हात थरथरत होता. बैलाची मालकीण कौसाबाई बघत होती. तिचा नवरा भीमा बैलाच्या मानेवर गुडघा देऊन बसला होता, त्यानंही बघितलं.

मी नालबंद. शाळा दुसरीपर्यंत. साखर फॅक्टरीच्या गेटजवळ ऊस ओढणाऱ्या बैलांना नाल ठोकतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. खिळा खुराच्या कडेनं बाहेर काढायचा. तो आत गेला तर जिव्हाळीला, म्हणजे खुरातल्या जिवंत मांसाला लागतो. बैल लंगडतो, गाडी उभी राहते, आणि तोडणीला आलेल्या माणसाचा सीझन बुडतो.

माझा धाकटा भाऊ सोपान बैल पाडायचा, मी खिळे मारायचो. त्याला लहानाचा मोठा माझ्या बायकोनं केला. ती गेली. तिचं दहावं उरकून गेटवर आलो, तर सोपाननं रस्त्यापलीकडं स्वतःचं बस्तान मांडलेलं. तेही चाललं असतं. पण तो गिऱ्हाइकांना सांगत होता, "थोरल्याचं हात कापत्यात आता. बैल लंगडा करून घ्यायचा आसंल तर जावा."

तोवर माझे हात कापत नव्हते. हे कानावर आलं आणि कापायला लागले.

त्या सकाळी पहिलाच खिळा तिरपा गेला. बैलानं अंग झाडलं. मी खिळा उपसला. रक्त नव्हतं. पलीकडून सोपान बघत होता.

"मामा, थांबा," कौसाबाई म्हणाली.

"काय झालं न्हाई. धरा नीट."

"धरलाय की. बैल गप पडलाय. फुरफुरताय तुमी."

भीमा म्हणाला, "पलीकडं न्यायचा का मग?"

"तुमी गप ऱ्हावा. ज्यानं भावजयीच्या सुतकात दुकान मांडलं, त्याच्या हातात बैल देऊ व्हय?"

बैल फार वेळ पाडून ठेवता येत नाही, पोट फुगतं. भीमानं तो सोडून उभा केला. माझ्यापायी बैलाला दुबार कष्ट. तोंड कुठं लपवू असं झालं.

बिथरलेल्या बैलाच्या डोळ्यांवर आम्ही ओलं पोतं टाकतो. पोटावर हात ठेवतो. श्वास लांब होईपर्यंत थांबतो. जन्मभर हेच केलं. कौसाबाईनं तेच पोतं उचललं आणि माझ्या डोक्यावर टाकलं.

"बसा. हात पोटावर ठिवा. श्वास हळू सोडा, गाडी सुटल्यावर बैल सोडतो तसा."

गाड्यांची रांग लागलेली, आणि मी म्हातारा पोतं पांघरून बसलेला. कोणीतरी म्हणालं, "आज नालबंदालाच पत्र्या मारायच्यात वाटतं." हशा झाला. मी मान वर केली नाही. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो. त्या पोत्याखाली, शेणाच्या वासात रडलो. मग पोटावरचा हात सावकाश वरखाली व्हायला लागला. कापरं गेलं.

बैल पुन्हा पाडला. सगळ्या पत्र्या सरळ बसल्या. भीमानं त्याला गोल फिरवला. लंगडला नाही.

सोपानशी मी बोलत नाही. तो रोज समोर दिसतो आणि हात रोज कापायला बघतात. म्हणून बैल पाडायच्या आधी मी पोतं भिजवतो आणि स्वतःच्याच मानेवर टाकतो. लोक बघतात. लाज वाटते. खिळा मात्र सरळ जातो.