गाय सोडून बघण्याची पद्धत

देवणी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो तेव्हाची ही गोष्ट. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी असलेली ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय अजून डोळ्यांसमोर येते, आणि तिच्याबरोबर माझा तेव्हाचा तोराही आठवतो.

फिर्याद एका विधवा बाईची होती. गोठ्यातून तिची दुभती गाय चोरीला गेली होती आणि त्या दुधावरच तिचे घर चालायचे. चार महिन्यांनी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, शिरूर अनंतपाळकडं एका दलालाच्या दावणीला तसलीच गाय हाय. कानातला बिल्ला बी तोडलेला दिसतोय." आम्ही पंच घेऊन गेलो, पंचनामा करून गाय ताब्यात घेतली आणि दलालाला ठाण्यात आणले. गाय माझ्याच गोठ्यात जन्मली, हे त्याचे पालुपद.

अशा वेळी माझी पद्धत ठरलेली होती. दोन्ही दावेदार दोन टोकांना उभे करायचे आणि जनावर मोकळे सोडायचे. ते ज्याच्याकडे जाईल तो मालक. साक्षीदार फितवता येतो, जनावर येत नाही, असे मी नव्या शिपायांना ठासून सांगत असे.

गाय सोडली. बाईने "चंद्रे, ये गं माय" अशी हाक मारली. गायीने कान टवकारले, क्षणभर थांबली आणि सरळ दलालाकडे जाऊन त्याचा हात चाटू लागली. जमलेली माणसे हसली. बाईचा चेहरा उतरला. "साहेब, माझीच हाय हो ती. मी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. मी तिकडे लक्ष न देता ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगितले.

गायीच्या तपासणीसाठी आलेले जनावरांचे डॉक्टर हे सगळे बघत होते. त्यांनी बाईला विचारले, "ही गाय कधी प्रदर्शनात नेली होती का?"

"हाव, आमचे मालक जिते होते तवा. पहिला नंबर आला होता."

"मग नोंदणीच्या वेळी घेतलेला हिच्या नाकाचा ठसा दवाखान्यात असेल."

मला हसू आले. आरोपींच्या बोटांचे ठसे घेण्यात माझी हयात गेली, पण नाकाचा ठसा कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांनी गायीचे नाक पुसून कोरडे केले, शाई लावली आणि कागद दाबला. दवाखान्यातून जुना कागद आणला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. तीच उंचवट्यांची नक्षी, मधली रेघ तशीच डावीकडे वळलेली. डॉक्टर म्हणाले, एका गायीची नक्षी दुसरीला नसते.

दोन्ही कागद मी दलालासमोर ठेवले. चोरीबद्दल विचारलेच नाही. एवढेच विचारले, "मग ती तुझ्याकडे का आली?"

त्याने दोन्ही कागद उचलून पाहिले. मग बोलला. "चार महिने रोज हातानं गूळ चारला, साहेब. तुम्ही जनावर सोडून बघता हे साऱ्या बाजाराला ठावं हाय. उमरीला तुम्ही बैल सोडला, तवा मी तिथंच हुबा होतो. बैल ज्याच्याकडं गेला तो माझा जोडीदार. त्यानंच शिकवलं हे."

उमरी भागात नेमणूक असताना याच पद्धतीवर मी अहवाल दिला होता आणि बैल दुसऱ्याच्या दावणीला गेला होता. शिपायांना शिकवत होतो तेच चोरांनीही शिकून घेतले होते. मागे राहिलो होतो तो मीच.

दलालावर दोषारोपपत्र दाखल झाले. कोर्टाच्या हुकमाने गाय घरी गेली. नेताना बाईने तिच्या कपाळावर हात फिरवला आणि म्हणाली, "हिचं काय चुकलं? गूळ कुणाला नको?" ज्या बाईला मी खोटी ठरवले होते, तिला एवढे कळत होते. मला वाईट वाटले आणि तसे मी तिला सांगितले.

नवे काही शिकलो की ज्ञानात भर पडते, एवढेच मी समजत होतो. नाकाच्या त्या ठशाने मला माझी जुनी कागदपत्रे पुन्हा वाचायला लावली. मी वरिष्ठांना लेखी कळवले आणि सुट्टी टाकून उमरीला गेलो.

बैलाचा खरा मालक गाडीवान होता, आता म्हातारा झालेला. बैल केव्हाच मेला होता. मी म्हणालो, "चाचा, बैल तुमचाच होता. चूक माझी झाली."

"साहब, त्या दिवशी तो माझ्याकडं आला न्हाई. घरवाली अजून मला बोलते, 'तुम्ही त्याला पोटभर चारा घालत नव्हता, म्हणून गेला.' इतकी सालं मलाबी तसंच वाटून राहिलं."

मग तो उठला आणि त्याने दारातून आत हाक मारली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"साहब," तो म्हणाला, "आता हेच हिच्यापुढं सांगा."

मी पुन्हा, पहिल्यापासून सांगितले.