मागच्या प्रश्नाचं उत्तर

"अहो, उद्धट झालीय ती. प्रश्न विचारला की नुसती तोंडाकडे बघत बसते. परवा तर कंपासपेटी भिरकावली," वर्गशिक्षिका कुलकर्णी बाई फोनवर सांगत होत्या.

माझ्यासमोर तेव्हा अमृताचे वडीलच बसले होते. लोणी काळभोरला त्यांची फुलझाडांची नर्सरी आहे. अमृता सहावीत. काही महिन्यांपूर्वी तिच्या लहान मेंदूतली, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातली गाठ काढली होती. गाठ कॅन्सरची नव्हती. ऑपरेशनही छान झालं होतं.

"डॉक्टर म्हणले पोरगी बरी हाय," वडील म्हणाले. "मग अशी का वागती, मॅडम? आम्ही आता शाळाच बंद करतोय. रोज रडत येण्यापरीस घरी बरी."

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. सर्जन गाठ काढतात. त्यानंतर मुलाचा विचार, लक्ष, आठवण, राग कसा चालतो हे मी तपासते. लहान मेंदू तोल सांभाळतो हे बहुतेकांना माहीत असतं. विचारांचा वेग आणि रागाचा लगाम यांतही त्याचा हात असतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

वडिलांना मी म्हटलं, "थोडे दिवस थांबा. शाळेतून नाव काढू नका."

अमृताच्या टेस्ट घेतल्या. स्टॉपवॉच लावलेल्या टेस्टमध्ये मार्क फार कमी. घड्याळ बाजूला ठेवलं, तर जवळजवळ सगळं बरोबर. याला आम्ही प्रोसेसिंग स्पीड म्हणतो. ऐकलेलं समजून उत्तर तयार व्हायला लागणारा वेळ. अमृताचा वेळ वाढला होता, बुद्धी जागेवर होती.

पण कंपासपेटीचं कोडं त्यातून सुटेना. म्हणून परवानगी काढून एक दिवस वर्गात मागे जाऊन बसले.

बाईंनी विचारलं, "अमृता, बाष्पीभवन म्हणजे काय?"

अमृता उभी राहिली. गप्प. बाईंनी थोडं थांबून पुढच्या मुलाला विचारलं, मग ढगांवर आल्या. "ढग कसे तयार होतात?"

"पाण्याची वाफ होणं," अमृता मोठ्याने म्हणाली.

सगळा वर्ग हसला. अमृता लालबुंद झाली आणि तिने पुस्तक जमिनीवर आपटलं.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "पाहिलंत?"

"पाहिलं. उत्तर बरोबर होतं. फक्त मागच्या प्रश्नाचं होतं."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तिच्यासाठी मी वर्ग थांबवून ठेवायचा? बाकीच्यांना तोवर आरती म्हणायला सांगू?"

मी सुचवलं की तिला कोणता प्रश्न विचारणार ते तास सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा. बाईंनी ते केलं. पहिल्याच दिवशी फसलं. सगळ्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहून अमृता रडायलाच लागली. वडिलांचा फोन आला, "मॅडम, आता बास."

त्यांच्याकडून कसेबसे आणखी थोडे दिवस मागून घेतले, पण खरं तर माझ्याकडेही दुसरा उपाय तयार नव्हता. उपाय काढला तो बाईंनी. त्यांनी वर्गात नियमच केला: प्रश्न विचारल्यावर बाई फळा पुसणार. तो पुसून होईपर्यंत कोणी हात वर करायचा नाही. सगळ्यांना सारखाच नियम, त्यामुळे अमृताकडे कोणी बघेना.

"फळा मी सावकाश पुसते," बाईंनी फोनवर सांगितलं. "आणि गंमत म्हणजे, आजवर तोंड न उघडलेली आणखी काही मुलं हात वर करायला लागलीत."

अमृताचा पहिला हात वर गेला त्या दिवशी बाईंनी मुद्दाम तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं. उत्तर बरोबर आलं, आणि त्याच प्रश्नाचं आलं.

अमृता आता सातवीत आहे. अक्षर अजून वेडंवाकडं येतं, परीक्षेत जास्तीचा वेळ लागतो. रागही गेलेला नाही. राग चढला की ती स्वतःच उठून नळावर जाऊन येते. घरच्यांनाही मी एकच सांगितलं होतं, एकदा विचारा आणि गप्प बसा.

परवा वडील फॉलोअपला आले. "काल माझ्याशी भांडली, मॅडम. मी मधी बोललोच न्हाई. तिचं सगळं म्हणणं पुरं झालं." उठता उठता म्हणाले, "चूक माझीच हुती."

रिपोर्टमध्ये मी पूर्वी 'प्रतिसाद मंद' एवढंच लिहायचे. आता समोरच्याने किती वेळ वाट पाहिली, तेही लिहिते.