कुंकू की धडक

दसऱ्याला मी गाडीची पूजा केली. बंपरवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. आणि दोनच दिवसांनी समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी पार्किंगमध्ये आपली गाडी मागे घेता घेता नेमकी माझ्या त्याच बंपरवर आणून ठोकली. तेव्हापासून माझी गाडी सारखी टीं-टीं करायला लागली. बंपरमधल्या सेन्सरला म्हणे पुढे अडथळा दिसतोय! पाम बीच रोड मोकळा, समोर चिटपाखरू नाही, आणि ही बया आपली बोंबलतेय.

काकांकडे गेले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, सोसायटीचे माजी सेक्रेटरी. चूक कबूल करणं त्यांच्या नियमात बसत नाही. "ठोकली? नुसता टेकलो, मॅडम," ते म्हणाले. "सेन्सरवर तुम्हीच कुंकू थापलंय. त्याला दिसणार काय, कपाळ?"

माझं डोकंच फिरलं. देवाच्या कुंकवावर आळ! मीही ऐकवलं, "काका, अख्ख्या नवी मुंबईने गाड्यांना कुंकू लावलं. मग माझीच का ओरडते?" बंपर घासूनपुसून दाखवला, तर म्हणे आत मुरलंय! लिफ्टमध्ये, गेटवर, मीटिंगमध्ये आमचा खटला चालू. सोसायटीत दोन तट पडले, कुंकूवाले आणि धडकवाले. टाकीच्या गळतीवर जे कधी तोंड उघडत नाहीत, तेसुद्धा सेन्सरवर व्याख्यानं द्यायला लागले.

शेवटी तळोज्याच्या एका गॅरेजवाल्याने बंपर उतरवला. सेन्सर धरून ठेवणारी पट्टी तुटलेली, आणि सेन्सर मान टाकून जमिनीकडे बघतोय. "हे ठोकल्याशिवाय होत नाय," तो म्हणाला. मी लगेच फोटो काढला. अशी खूश झाले, की येताना पेढे घ्यायचेच काय ते बाकी ठेवले.

पार्किंगमध्ये काका उभे होते आणि शेजारी त्यांचा मुलगा, तापलेला. "ताई, खरं सांगा," तो म्हणाला. "बाबांच्या धडकेनेच झालं ना? तसं असेल तर आजपासून गाडीची चावी माझ्याकडे. वय झालं आता त्यांचं."

काका माझ्याकडे बघेचनात. मला एकदम त्यांच्या बायकोची आठवण झाली. गुडघ्यांमुळे काकूंचं बाहेर पडणं बंद झालंय. रोज सकाळी काका त्यांना गाडीतून दिवाळे गावच्या मासळी बाजारात नेतात, तेवढंच. खिडकीतूनच कोळणींशी घासाघीस करून, दोन शब्द भांडून आल्या की त्यांचा दिवस बरा जातो. मुलगा ऑफिस सोडून काय बोंबील घ्यायला नेणार!

"कुंकूच होतं," मी म्हणाले. "आत गेलं होतं." जीभ कशी वळली देव जाणे. सगळ्या धडकवाल्यांना मी एका वाक्यात तोंडघशी पाडलं.

मुलगा गुमान वर गेला. आता काका सोसायटीभर मिरवणार, 'मी म्हणत नव्हतो?' करून माझा जीव खाणार, हे मी धरूनच चालले होते. पण ते हलेनात.

"खोटं बोललीस, पोरी," ते हळूच म्हणाले. "धडक जोरात बसली होती. आणि तुझी गाडी तिथे आहे, हे मला दिसलंच नव्हतं गं."

त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"मुलाच्या हातात माझ्याने देववणार नाही. तू दे," ते म्हणाले. "आणि काकूलाही तूच सांग."