मकबऱ्याच्या पायरीवरच्या चपला

राजधानीतली सार्वजनिक बाग कुणाची असते, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? सगळ्यांची, असंच ना? मग आमच्यासारखी माणसं तिथं दिसली की लोक वळून का बघतात, तेही सांगा.

प्रश्नानं सुरुवात करायची सवय मला घरातून लागली. आमचं घर येरमाळ्याला, हायवेला लागून. वडील पंक्चर काढतात आणि पत्रकं वाटतात. दोन्ही कामं सारखीच मन लावून. रेशन असो, ऊसतोडीचा दर असो, शाळेची गळकी खोली असो, कळंबहून गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे यायचे आणि जेवणं झाली की आम्ही घड्या घालत बसायचो. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. वर प्रश्न, खाली आवाहन, मधे जे खरं असेल तेवढंच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बावीस प्रतिज्ञांचा कागद. देव्हारा नाही, अंगारा नाही, कुठल्या दगडापुढं मान वाकवणं नाही. अशा घरात मी वाढले, आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझी माय अंगणवाडीत मदतनीस आहे. मी कळंबच्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नांचे फोटो काढते. मागच्या हिवाळ्यात अंगणवाडीच्या बायकांचं दिल्लीत धरणं होतं, तेव्हा फोटोग्राफरचा जुना कॅमेरा मागून घेऊन मीही सोबत गेले. धरणं संपलं. परतीची गाडी संध्याकाळी होती. बायका सामानावर बसून राहिल्या असत्या, पण तामलवाडीच्या बाई उठल्या. त्या आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्क, आणि तोंडाला सगळ्यांत तिखट.

“दिल्लीला येऊन नुसते पोलिसांचे कठडे बघून जायचं व्हय?” त्या म्हणाल्या. “घरी गेल्यावर सुना इचारतील, काय बघितलं. लोखंड बघितलं म्हणून सांगू?”

म्हणून आम्ही चौघी बागेत गेलो. माय, तामलवाडीच्या बाई, ढोकीच्या खाला आणि मी. खालांचं घर साखर कारखान्याच्या रस्त्याला. त्या अंगणवाडीत सेविका. मराठी उत्तम बोलतात, पण मनातलं बोलायचं झालं की दखनी उर्दूवर येतात.

त्या बागेला तिकीट नाही. आत गेलं की हिरवळ, गुलाबांचे वाफे, तळ्यात बदकं, आणि झाडांच्या मधेच जुने, काळे पडलेले घुमट. मी असं काही कधी बघितलं नव्हतं. घुमटाच्या भोकाभोकांतून पोपट ये-जा करत होते. पिंपळावर लांब वाकड्या चोचीचा धनेश बसला होता, तो मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. येडशीच्या घाटात माकडं आणि मोर बघून मोठी झालेली मी, पण त्या धनेशापुढं कितीतरी वेळ गुडघ्यावर बसून राहिले. तामलवाडीच्या बाई मागून म्हणाल्या, “आगं, नवरदेव समजून काढायलीस का त्याचे फोटो? आमचाबी एखादा काढ.”

मी म्हटलं, “तुम्ही पण पिंपळावर बसा, काढते.”

“धरण्याला बसून बसून कंबर गेली,” त्या म्हणाल्या. “आता पिंपळच राहिला हुता.”

मग आम्ही एका मोठ्या मकबऱ्याकडं गेलो. दगडी पायऱ्या, वर कमान, आत अंधारात एक कबर. मी कॅमेरा डोळ्याला लावून मागं मागं सरकत होते, पूर्ण घुमट चौकटीत बसवायचा म्हणून. तेवढ्यात तिघी पायऱ्यांशी थांबल्या. खालांनी पदर डोक्यावर घेतला. तिघींनी चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर ओळीनं ठेवल्या. तामलवाडीच्या बाईंनी पिशवीतून दोन रेवड्या काढून चपलांशेजारी ठेवल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून.

आमच्याकडं उरुसाला सगळ्या जातीधर्माची माणसं दर्ग्यात जातात. तिथं पायरीशी चपला काढायला कुणी सांगावं लागत नाही. घुमट दिसला की पाय आपोआप थांबतात. इथंही ते तसेच थांबले.

बागेत फिरायला आलेले दोघेजण पांढऱ्याशुभ्र बुटांनी त्या चपलांना वळसा घालून वर चढले. एक दुसऱ्याला म्हणाला, “गाँव की औरतें हैं। दरगाह समझ बैठीं।” दोघं हसले. पहारेकरी मात्र भला माणूस होता. तो जवळ येऊन म्हणाला, “अम्मा, चप्पल पहन लो, पाँव ठंडे हो जाएँगे। ये दरगाह नहीं है, राजा का मकबरा है।”

मीही मायला म्हटलं, “माय, घाल चपला. आपल्यात कबरीला नमस्कार करीत न्हाईत.”

माय वरच्या पायरीवरून वळली. “नमस्कार कुठं केला मी? चपला काढल्या.” मग पहारेकऱ्याकडं बघून मला म्हणाली, “त्याला इचार, आत माणूस पुरलाय का न्हाय.”

मी विचारलं. तो म्हणाला, “हाँ, वो तो है।”

“मग झालं की. तुझा बाप कुणाच्या घरात चपला घालून जातो का? आन् इथं तर घरवाला उठून बस म्हणायचा न्हाय. आपुनच रीत पाळायची.”

खाला म्हणाल्या, “राजा रहो नहीं तो फकीर रहो, कबर है तो सलाम करना पडता.” आणि त्या आत गेल्या.

मी खालीच राहिले. भिंतीवरच्या बावीस प्रतिज्ञा मी मनातल्या मनात एकेक करून तपासल्या. मायनं एकही प्रतिज्ञा मोडली नव्हती. ज्याला उठून स्वागत करता येत नाही, अशा माणसाच्या उंबऱ्यावर तिनं पायताण काढलं होतं, एवढंच.

तेवढ्यात एक खार आली. आधी मायच्या चपलेवर चढली, जिचा पट्टा सेफ्टी पिनेनं धरून ठेवला होता. मग खालांच्या प्लास्टिकच्या फुलाच्या चपलेवर. तामलवाडीच्या बाईंचे पाय धरण्यात सुजले होते, म्हणून त्या आपल्या मुलाच्या मोठ्या चपला घालून आल्या होत्या. तिथं येऊन खार थांबली आणि तिनं रेवडी दोन्ही हातांत धरली. मागं कमान, कमानीवर ऊन, उनात पोपट. मी बटण दाबलं. आजवर किती लग्नांत मांडवाच्या दारातले चपलांचे ढीग मी चौकटीबाहेर ठेवले असतील. या वेळी चपलाच मधोमध होत्या.

गावी आल्यावर धाराशिवच्या एका प्रदर्शनासाठी मी तीन फोटो पाठवले: धनेश, तळ्यातली बदकं आणि चपला. हौशी मंडळींचं प्रदर्शन, विषय ‘राजधानी’. चपलांचा फोटो निवडला गेल्याचा निरोप आला. मायनं अंगणवाडीतून सुट्टी टाकली. तामलवाडीच्या बाई आणि खाला एसटीनं आल्या. तिघी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसल्या होत्या. वडील दुकान बंद ठेवून आले.

फोटो दाराच्या समोरच लावला होता, मोठा करून. त्याच्याखाली छापील पट्टी होती. तामलवाडीच्या बाई प्रौढपणी वाचायला शिकलेल्या, त्या एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागल्या. “भो-ळी श्र-द्धा.” आणि त्या माझ्याकडं वळल्या. “भोळी म्हंजी आपुन व्हय गं?”

ती ओळ मी लिहिली नव्हती, पण खाली नाव माझं होतं. मी तडक आयोजकांकडं गेले. ते म्हणाले, “ताई, फोटोला शीर्षक नव्हतं. बघणाऱ्याला काहीतरी अर्थ लागायला पाहिजे ना.”

“अर्थ चुकीचा आहे. पट्टी काढा, नाहीतर फोटो उतरवा.”

“आता उतरवला तर भिंत रिकामी दिसेल.”

“दिसू द्या,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. माझा फोटोच मायला भर सभागृहात अडाणी ठरवणार असेल, तर तो फोटो मला नको होता. माणसं आमच्याकडं बघू लागली. वडील नेहमी मधे पडतात, त्या दिवशी पडले नाहीत. त्यांनी फक्त मायकडं बघितलं.

माय पुढं आली. “उतरवू नका, दादा. पट्टीबी राहू द्या तुमची. एक पेन द्या.”

आयोजकांनी खिशातलं पेन दिलं. वडिलांनी शर्टाच्या खिशातून गुलाबी पत्रक काढलं आणि कोरी बाजू वर करून तिच्यापुढं धरलं. वडिलांच्या हातावरच कागद ठेवून मायनं सावकाश लिहिलं:

“इथे माणूस पुरला आहे हे आम्हाला माहीत होते. म्हणून चपला काढल्या.”

“आमची नावं?” खालांनी विचारलं.

“नावं कशाला,” तामलवाडीच्या बाई म्हणाल्या. “चपला वळखतील लोक.”

तो गुलाबी कागद छापील पट्टीच्या खाली टाचणीनं लावला. लोक यायचे, पट्टी वाचून हसायचे, मग खालचा कागद वाचायचे आणि पुन्हा फोटोकडं बघायचे. एकानं तर मायच्या पायांकडं बघितलं. त्याच चपला होत्या, त्याच पिनेच्या. माय पाय मागं न घेता तशीच उभी राहिली. दुपारी जेवणानंतर आम्ही परत आलो तेव्हा छापील पट्टी भिंतीवर नव्हती. कुणी काढली, मी विचारलं नाही. गुलाबी कागद प्रदर्शन संपेपर्यंत होता. आता तो आमच्या घरी, फोटोसोबत.

तुमच्याही मोबाइलमध्ये अशी माणसं असतील. स्टेशनावर बसलेली, बागेत बिचकत फिरणारी, कुठल्यातरी पायरीशी थांबलेली. तुम्ही ते फोटो चार लोकांना दाखवाल, खाली एखादी ओळ लिहाल. तुम्हाला एवढंच आवाहन आहे: ती ओळ लिहिण्याआधी फोटो त्या माणसाला दाखवा, आणि पेन त्याच्या हातात द्या.