देवकामावशींचं पाणी

देवकामावशी तांब्या ओठांना लावत नसत. मान मागे टाकायच्या, डोळे मिटायच्या आणि वरून धार धरायच्या. घशातला घटघट आवाज अंगणाबाहेर ऐकू येई. मंगरूळपीरजवळच्या त्यांच्या गावात कुणाचं जनावर वैरण खाईना झालं, की डॉक्टरच्या आधी बोलावणं त्यांना जाई. पाणी पिऊन झालं की विचारायच्या, "कोनाचं ढोर? चाल."

मी त्यांच्याकडे गेले ती तक्ता घेऊन. माणसांचे आणि जनावरांचे आजार एकाच कागदावर नोंदवायचे, असं आमचं काम. तक्ता मीच केला होता, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आता गावात तो वापरून बघत होते. मी कागदाकडे बघतच विचारलं, "जनावर चावलं का?"

"नाही व."

मी 'नाही'वर खूण केली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सोललेली मला दिसली होती. पण अनोळखी बाईला खोदून कसं विचारायचं, म्हणून पुढचा प्रश्न घेतला.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत बैठक झाली. दवाखान्यातले डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, आशाताई, गुराखी. तक्त्यात काय हवं ते सगळ्यांना विचारायचं होतं. मावशी दाराशी बसल्या होत्या. गुरांचे डॉक्टर पिसाळलेल्या जनावराची लक्षणं सांगत होते: लाळ गळते, गिळता येत नाही, घशात काही अडकल्यासारखं दिसतं.

"थांबा साहेब," मावशी म्हणाल्या. "असाच एक गोऱ्हा होता. मले वाटलं कनीस अडकलं. कोपरापर्यंत हात घातला म्या. दुसऱ्या दिशी मेला तो."

"चावला होता?"

"चावन कायले? हात मीच घातला ना!"

पिसाळलेल्या जनावराची लाळ सोललेल्या बोटांना लागली तरी पुरते. किती दिवस झाले, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं. मावशींनी बोटांवर मोजले. नऊ. त्यातले सात माझ्या 'नाही'नंतरचे होते.

त्याच दुपारी त्यांना सुया सुरू झाल्या. प्रत्येक सुईला मी सोबत जायची आणि त्यांच्या तांब्याकडे बघत राहायची. हा आजार जडला की माणसाला पाणी गिळता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

"माह्या पान्याकडं काहून पाहून राह्यली व?" एसटी स्टँडवर त्यांनी विचारलं.

मी मान फिरवली.

"मलेबी भेव लागते, पोरी. पन असं चोरून नोको पाहू. इचारत जाय. तवा इचारलं असतं, तं तवाच सांगितलं असतं म्या."

तक्त्यात आता पहिला प्रश्न चाव्याचा नाही. 'आजारी जनावराच्या तोंडात कोणी हात घातला?' हा आहे. शब्द मावशींचे.

सुया संपल्या. डॉक्टर म्हणाले, आता बहुतेक काळजी नाही. त्या 'बहुतेक'पाशी मी अजून अडते. माझं काम मालेगावकडे हललं, तरी दर रविवारी फोन मीच करते.

"मावशी, पाणी प्यायलात?"

पलीकडे तांब्या उचलल्याचा आवाज येतो. मी फोन कानाशी घट्ट दाबते. मग घटघट सुरू होतं.