गलबतवाल्याचं अंगण

या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी वाचते ते बहुतेक दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, आणि खरं सांगायचं तर हसायला. पांढरी साडी, उलटे पाय, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... मी मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, पुढचा पेशंट बोलवा. माहेर रत्नागिरीकडचं, म्हणजे भुताखेतांच्या गोष्टी ऐकतच जेवलेली मी. त्यामुळेच असेल, त्यातलं काही कधी अंगी लागलं नाही. आज स्वतःच लिहायला बसलेय, याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय.

भाईंदरहून उत्तनच्या बसने निघालं की डोंगरी गाव लागतं. घरं संपली की थोडा चढ आहे, आणि वर चिंचांच्या मागे एक पडका बंगला. गावात त्याला गलबतवाल्याचा बंगला म्हणतात. कोणी सांगतं पोर्तुगीजांच्या वेळचा, कोणी सांगतं नंतरच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचा, ज्याची गलबतं पार अरबस्तानापर्यंत जायची. छप्पर कधीच गेलंय. हातभर जाडीच्या भिंती, कमानीच्या खिडक्या, मध्येच हवेत संपणारा जिना... आणि पुढे दगडी लाद्यांचं भलंमोठं अंगण. नुसतं अंगण बघितलंत तर वाटेल, घरात माणसं आहेत.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती नवी नवरी असताना. सासूबाईंचं माहेर डोंगरीचं, कोळ्यांचं. लोक नव्या सुनेला देवदर्शनाला नेतात, आमच्या सासूबाईंनी मला हे पडकं घर दाखवायला नेलं. मी मनात म्हटलं, घ्या, सासर असं आहे तर!

त्यांनी सांगितलं ते असं. जवळा, मांदेली, अशी बारीक मासळी रेतीत सुकवली की दाताखाली कचकच येते. या लाद्यांवर रेती नाही आणि समुद्राचा वारा सरळ. त्यामुळे आळीतल्या बायका जवळा सुकवायला इथेच आणायच्या. बंगल्याला मालक नाही, कुलूप नाही, विचारणारं कोणी नाही. तरी विचारल्याशिवाय कोणी एक मूठ जवळा पसरला नाही. सकाळी एका बाईने दारासमोर उभं राहून हाक द्यायची, "आंगन घेताव गो बाय!" मग थांबायचं. आतून काहीही आवाज आला, पाखरू फडफडलं, पान वाजलं, तरी तो होकार. काहीच वाजलं नाही तर पाट्या उचलून परत. आणि ऊन कललं की मासळी गोळा करून, अंगण झाडून, उंबऱ्यावर मूठभर सुकट ठेवून म्हणायचं, "आंगन दिला." जिने घेतलं, तिनेच द्यायचं. दुसरीने दिलेलं चालत नाही. आणि दिल्यावर उत्तराला थांबायचं नाही, मागे न बघता सरळ निघायचं.

"आनि मी तं दिलाच न्हाय," असं म्हणून सासूबाई तेव्हा खळखळून हसल्या होत्या. पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी आल्या होत्या. दिवस भरत आलेले, पण हात स्वस्थ बसतील तर ना! सकाळी अंगण त्यांनी मागून घेतलं आणि दुपारी तिथेच, जवळा उलथता उलथता, कळा सुरू झाल्या. बायकांनी धरून खाली नेलं. मासळी दुसऱ्यांनी उचलली, पण अंगण द्यायचं राहिलं. पोटात होता तो नितीन, म्हणजे माझा नवरा. पुढे त्या सासरी जुन्या भाईंदरला आल्या आणि मासळीचं काम सुटलं.

"मग आज देऊन टाका की आई," मी म्हटलं.

"कशाला? ऱ्हाउंदे माज्याकडं. गावात माजा तेवढाच उरलाय," त्या म्हणाल्या. हसत होत्या, पण कमानीवरून हात फिरवत राहिल्या.

आता अलीकडचं. सासूबाईंना विसरायचा आजार झाला. आधी गॅस, मग माणसं. मी झाले "ती बाय", आमची मुलगी सई झाली "शेजारची पोर", आणि नितीनला त्या "भाऊ" म्हणायला लागल्या. अहोजाहो करायच्या त्याला. स्वतःच्या मुलाला. तो हसून न्यायचा आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचा.

पण खरा घोर संध्याकाळचा होता. ऊन कललं की त्या उठून दाराकडे धावायच्या. "आंगन उचलाचा ऱ्हायलाय, मना जाउंदे." मीरा रोडच्या शांती नगरात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. अडवलं तर ओरडायच्या, चावायच्या, एकदा जिन्यात पडून हात मोडून घेतला. एकदा तर नजर चुकवून पार भाईंदरच्या बस स्टॉपपर्यंत पोचल्या होत्या, अनवाणी. शेजारच्या गुजराती काकी रोज दार उघडून विचारायच्या, "आज फिर से?" सगळ्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी माझी नणंद वंदनाने वसईकडे अशा माणसांना ठेवतात ती जागा शोधली. सोमवारी न्यायचं ठरलं. मीही हो म्हटलं होतं आणि ते मला आजही चूक वाटत नाही. नितीन मात्र जेवेना. "तिथं गेली तर ती मला पुन्हा ओळखायची राहूनच जाईल," एवढंच म्हणत राहिला.

म्हणून रविवारी तिला एकदा डोंगरी दाखवून आणू, असं त्यानेच ठरवलं. बंगल्याचं काही आमच्या डोक्यात नव्हतं. निदान माझ्या तरी नव्हतं. मी भाकऱ्या केल्या, जवळ्याची चटणी केली, कारण तेवढीच त्या न थुंकता खायच्या. रिक्षा करून आम्ही चौघं निघालो. गाव आलं तशा सासूबाई दांडीला धरून ताठ बसल्या आणि चढाखाली रिक्षा थांबल्यावर कोणाचा हात न घेता वर चालू लागल्या. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा को रास्ता मालूम है." मोडका हात, कमरेत वाक, आणि आम्ही मागे धापा टाकतोय.

बंगला होता तसाच होता. चिंचेखाली बसून जेवलो. सासूबाई पोटभर जेवल्या. त्या दुपारचं काय सांगू... उजेड दुधात हळद कालवल्यासारखा होता. खिडक्यांच्या कमानींतून समुद्राचा एक एक तुकडा दिसत होता. सई भिंतीला टेकून मोबाईलवर शूटिंग करत होती. नितीनला डुलकी लागली.

मग ऊन कललं.

सासूबाई उठल्या. मी सवयीने हात धरायला पुढे झाले, पण त्या दाराकडे धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पदर खोचला, निरगुडीची एक फांदी मोडली आणि समुद्राच्या टोकापासून अंगण झाडायला लागल्या. सावकाश, वाकून, एक लादी सोडायची नाही. नितीन जागा होऊन उठायला लागला. मी म्हटलं, राहू दे.

वारा पडला. तिथे वारा पडत नाही, पण पडला. आणि मला वास आला. सुकत्या जवळ्याचा, उन्हाने तापलेला, खारट वास. माझ्या डब्यातली चटणी लसणाची होती, हा वास तिचा नव्हता. त्या फांदीच्या पुढे पुढे लाद्यांवर वाळत्या जवळ्यासारखी फिकट गुलाबी झाक दिसत होती, आणि जिथून फांदी गेली तिथे दगड पुन्हा काळा. डोळे चोळले तरी तेच. सई मोबाईल तसाच चालू धरून अंगणाच्या कडेकडेने माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "आई, पाय नको देऊस त्यावर." मी विचारलं नाही, कशावर. मीही पाय आधीच मागे घेतला होता.

झाडत झाडत त्या दारापाशी पोचल्या. दार म्हणजे नुसती चौकट आणि दगडी उंबरा. मागे न बघता त्यांनी हात पसरला. "सुकट दे गो."

माझ्याकडे सुकट कुठली? मी डब्यातली उरलेली चटणी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी बोट चाटून बघितलं. "तिखट केलायस," म्हणाल्या. मग वाकून ती उंबऱ्यावर ठेवली, दोन्ही हात पदराला पुसले आणि मोठ्याने म्हणाल्या, "आंगन दिला गो बाय. लय दिवस झाले."

आता निघायचं, मला माहीत होतं. मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. मी त्यांचा खांदा धरून वळवायला गेले. पण त्या हलल्याच नाहीत. तोंड दाराकडे करून, शेजारणीने आत हाक दिल्यावर उंबऱ्यात थांबावं तशा उभ्या राहिल्या.

आणि आतून कोणीतरी विचारलं, "कोन झायला गो? पोरगा का पोरगी?"

बाईचा आवाज. भीतीदायक काही नाही. चुलीपाशी कामात असलेल्या बाईने मान वर न करता विचारावं, तसा. माझ्या हातातलं डब्याचं झाकण पडलं, त्याचा आवाज मात्र फार मोठा झाला.

"पोरगा," सासूबाई म्हणाल्या. मग वळल्या. नितीन मागेच उभा होता. त्यांनी चांगला हात वर करून त्याच्या गालावर ठेवला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "ह्यो काय. नितीन माजा."

नितीनला आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने फक्त स्वतःचं नाव ऐकलं. "आये, कोनाशी बोलतेस?" त्याने विचारलं. कळत्या वयापासून शहरी मराठीत बोलणारा माणूस, त्या क्षणी आईच्या भाषेत बोलला. "ती इचारतेय ना," त्या म्हणाल्या आणि त्याचे डोळे पदराने पुसू लागल्या. तो लहान मुलासारखा रडत होता. मीही रडले, सांगायला लाज कसली.

मग माझ्यातली लॅबवाली जागी झाली आणि मी उंबरा ओलांडून आत गेले. आत फरशीच उरलेली नाही. कमरेइतकं गवत, पडलेल्या वाशांचे तुकडे, मागची भिंत ढासळून खाली झुडपांत गेलेली. गवत कुठेही दबलेलं नव्हतं. एक सरडा होता, तोही मला बघून गेला.

सोमवारी वसईला कोणी गेलं नाही. नितीनने फोन करून वंदनाला सांगितलं, थोडं थांबू. सोमवारी ऊन कललं तसे आम्ही सगळे दाराशी जागा धरून उभे. सासूबाईंनी चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि खिडकीत बसून राहिल्या. मी न राहवून विचारलं, "आई, अंगण?" "दिला ना," त्या म्हणाल्या, जणू मीच विसरभोळी. त्यानंतर त्या कधी दाराकडे धावल्या नाहीत. अजून आमच्याकडेच आहेत. बऱ्या झाल्या असं नाही. नितीन दुसऱ्या दिवशी पुन्हा "भाऊ" झाला. पण आता तो नळ सोडून बसत नाही.

डॉक्टरांना सांगितलं, अर्थात आवाजाचं सोडून. ते म्हणाले, मनात अडकलेलं काम पुरं झालं की कधी कधी माणूस शांत होतो. मला ते पटतं. वास, गुलाबी झाक, तेही उन्हाचे खेळ म्हणून सोडून देईन. आवाजाचं काय करू? घरी आल्यावर मी सईला स्वयंपाकघरात घेऊन विचारलं, तू काय ऐकलंस. तिने तेच शब्द सांगितले, आणि वर मलाच विचारलं, "झायला म्हणजे झाला ना गं?" तिच्या मोबाईलवर मात्र तो आवाज नाही. सासूबाई "लय दिवस झाले" म्हणतात, मग एक प्रश्न मावेल एवढी शांतता आहे, मग झाकण पडल्याचा आवाज, आणि मग "पोरगा".

कोण होती, सासूबाईंच्या कळांचं तिला कसं माहीत, नितीनला ऐकू का आलं नाही? कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.

मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. अंगण दिल्यावर उत्तराला थांबायचं नाही, असा त्या बायकांचा नियम. पिढ्यान् पिढ्या सगळ्या जणी पाट्या डोक्यावर घेऊन, मागे न बघता उतरून गेल्या. आतून रोज कोणी काही विचारत असेल, तर ते ऐकायला कोणी थांबलंच नाही. सासूबाई थांबल्या, कारण नियम त्या विसरल्या होत्या.