काळ्या चौकटीतला क्रिसोफोरो

पुएब्लाच्या डोंगरातल्या आमच्या गावात शाळेसमोर एर्मेलिंडाचं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. बाई तोंडाची फटकळ. उधारी मागणाऱ्या मास्तरांनासुद्धा ती दारातून परत पाठवते. आयुष्यात कुणाला भ्यायली नाही, पण गेल्या वर्षभरात ती एका गोष्टीला भ्यायला लागली होती. तिचा नवरा क्रिसोफोरो विसरायला लागला होता. आधी नावं, मग रस्ते. मीठ मागायला शेजारी जायचा आणि आपलं घर कुठलं ते न आठवून तिथेच बसून राहायचा.

बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिची पाठ वळली आणि म्हातारा उठून गेला. खुर्ची रिकामी. गल्लीत नाही, चर्चमध्ये नाही, चक्कीवर नाही. दुपार कलली आणि दरीतून धुकं वर चढायला लागलं. आमच्याकडचं धुकं म्हणजे हात पुढे केला तर हात दिसत नाही. मागच्या साली याच धुक्यात एक गुराखी कड्यावरून गेला होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. एर्मेलिंडाच्या डोळ्यांपुढून ती दरी हलेना.

गाव क्रिसोफोरोला ओळखतं, पण बाजाराला आलेले परगावचे लोक आणि बसवाले थोडेच ओळखतात? त्यांच्यासाठी फोटो लावायला हवा होता. फोटो होता मोन्तेर्रे शहरात राहणाऱ्या लेकीने पाठवलेल्या टॅबलेटवर. आणि प्रिंटर? तो कॉम्प्युटरला वायरीने जोडायचा, जुना, धोंड्यासारखा जड. कॉम्प्युटर कधीच मेला होता, त्यामुळे प्रिंटर फक्त झेरॉक्सपुरता उरला होता. टॅबलेटवर तिने छापायचं बटण दाबलं. प्रिंटर सापडत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"मेल्या, तुझ्यासमोर तर ठेवलाय," ती त्या काचेला म्हणाली. बंद करून चालू केलं. वायर टॅबलेटच्या भोकात घालून पाहिली, ती बसेना. बाहेर समोरची शाळा धुक्यात दिसेनाशी झाली.

शेवटी तिने टॅबलेटच उचलला, प्रिंटरच्या काचेवर पालथा घातला, झाकण दाबून धरलं आणि झेरॉक्स काढली. पहिला कागद नुसता काळाकुट्ट निघाला. मग तिने टॅबलेटचा पडदा चांगला उजळ केला आणि पुन्हा दाबलं. या खेपेला आला म्हातारा. जरा करपलेला, पण आला. खाली तिने पेनाने लिहिलं, 'हरवले आहेत, दिसल्यास दुकानात कळवा', आणि होत्या तेवढ्या प्रती बसथांब्यावर, चर्चच्या दारावर, बाजारात चिकटवून ती धावत परत आली. न जाणो, एवढ्यात तो घरी आला तर?

अंधारून आलं तेव्हा दार वाजलं. दारात तिची कोमाद्रे दोमितिला उभी होती. तिच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी एर्मेलिंडानेच चर्चमध्ये मांडीवर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. दोमितिलाच्या हातात साखरेची पुडी आणि मेणबत्त्या होत्या, मागे गल्लीतली माणसं, हॅट काढून हातात धरलेली. आमच्याकडे साखर आणि मेणबत्त्या घेऊन माणूस एकाच घरी जातो, मयताच्या.

एर्मेलिंडाने दाराची चौकट धरली.

"कुठे सापडला?" तिने विचारलं. "दरीत?"

"सापडला?" दोमितिला गोंधळली. "आम्ही तर तुझा कागद बघून आलो, कोमाद्रे."

तिने शालीखालून कागद काढला. टॅबलेटची काळी कडा फोटोभोवती जाड, सरळ उमटली होती. काळ्या चौकटीतला चेहरा आमच्या गावात मेलेल्या माणसाचाच असतो, आणि असले कागद गावाला वर्षानुवर्षं छापून दिले होते ते एर्मेलिंडानेच. खालचं पेनाचं कोण वाचतंय? लोकांनी चौकट पाहिली, छातीवर क्रूस काढला आणि साखर बांधून घेतली. सगळं गाव रडत होतं, शोधत कुणीच नव्हतं.

"अगं, तो जिवंत आहे," एर्मेलिंडा ओरडली. "बाहेर आहे तो धुक्यात. जा ना कुणीतरी!"

माणसं लगबगीने वळली आणि वळली तशी थबकली. गल्लीच्या टोकाकडून मागे राहिलेली दोन-चार माणसं येत होती. त्यांत परगावची एक पाववाली होती आणि तिच्या शेजारी क्रिसोफोरो, चिखलाने माखलेला, हातात कुणीतरी दिलेली मेणबत्ती. मयताला चाललेल्या लोकांमागून तो आपसूक चालत आला होता. गर्दीने त्याला वाट दिली.

तो सरळ एर्मेलिंडापाशी आला. हॅट काढली आणि तिचे दोन्ही हात आपल्या गार हातांत घेतले.

"धीर धरा, बाई," तो हळूच म्हणाला. "नवरा गेला का तुमचा?"

एर्मेलिंडाने त्याच्याकडे पाहिलं. हात काही सोडले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "आत या. कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही."